पुष्पाबाईचे डोळे

"मिटायचे न्हाईत. हे बघ, माझ्या बोटाकडं बघ. मी सांगंपर्यंत डोळे मिटायचे न्हाईत बरं का. शाब्बास!"

हा आवाज कुणाचा, हे दैवशालाला आजवर सांगता आलं नव्हतं. पुरुषाचा होता, तरुण होता, जरा घाईत होता, आणि त्यातलं ते 'शाब्बास' घरातलं कुणी म्हणेल तसं नव्हतं. त्याला वेगळाच झोका होता. झोप डोळ्यांच्या उंबऱ्याशी आली की तो यायचा, आणि आलेली झोप तशीच मागं फिरायची. लहान होती तेव्हा द्वारकाआत्याच्या कुशीत ती दचकून उठायची. लग्न होऊन जुन्या जालन्यात आली तर तो आवाजही तिच्या सामानासारखा मागोमाग आला. पहिल्या बाळंतपणानंतर जांब समर्थला दर्शनाला गेली असताना तिनं तिथल्या एका वयस्क सेवेकऱ्याला भीत भीत हे सांगितलं होतं. ते म्हणाले, "बाई, जागं राहा म्हणणारा आवाज सगळ्यांनाच ऐकू येत नसतो. एखादा नेम धरा." तिनं नेम धरला. पहाटे उठायचं, अंघोळ करून देवापुढं आणि मग आईच्या फोटोपुढं दिवा लावायचा, त्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही. मग गुरुवार आले, एकादशी आल्या, चातुर्मासात एखादं धान्य सोडणं आलं; एकेक नेम पहिल्या नेमाला जोडला गेला. आवाज गेला नाही. पण त्याला बसायला एक जागा मिळाली, आणि एका जागी बसलेली भीती माणसाला सांभाळता येते, तिच्या भोवतीनं केर काढता येतो, स्वयंपाक करता येतो, पोरांची लग्नं करता येतात.

आज ऐन दुपारी ती भीती जागेवरून उठली.

उद्या आखाजी. पितरांच्या नावानं पाणी भरून पुजायची मातीची दोन मडकी तिनं बादलीत भिजत घातली होती आणि मोठं मडकं बुडवून धरलं होतं, तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. धाकट्या भावानं, भारतनं, काहीतरी पाठवलं होतं. ओल्या बोटानं तिनं ते उघडलं. आईचा, पुष्पाबाईचा, फोटो होता. म्हणजे आईचाच, केदारखेड्याला माहेरी एकच निघालेला, तिनं इतकी वर्षं रोज सकाळी पदरानं पुसलेला. पण यात आईचं लुगडं डाळिंबी झालं होतं, त्याला जरीचे काठ आले होते, कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, गाल भरले होते, आणि आई हसत होती. दैवशालानं डोळे बारीक करून पाहिलं. खाली आणखी एक चौकोन होता, त्यात बाण होता. तिनं बाणाला बोट लावलं. आईनं मान किंचित वळवली, तिच्याकडं पाहिलं, आणि डोळे मिटले. मिटून पुन्हा उघडले. दुसऱ्या हातातलं मडकं बादलीत बुडबुड करत भरत होतं, तो आवाज तिला फोनमधून येतोय असं वाटलं. आईनं पुन्हा मान वळवली, पुन्हा डोळे मिटले. "मिटायचे न्हाईत," तो आवाज म्हणाला, भरदुपारी, ती लख्ख जागी असताना, अगदी कानाशी. आणि तिनं फोन ओट्यावर पालथा टाकला.

लगेच भारतचाच फोन आला.

"आक्का, पाह्यलं का? आई कशी हसून राह्यली बघ की!"

"पाह्यलं," ती म्हणाली.

"अगं, निस्तं पाह्यलं म्हणती! मी दुकानात उभ्या उभ्या रडलो. सगळे म्हणाले, भारतशेठ, काय झालं? म्हणलं, पन्नाशीला टेकलो अन् आई आज पह्यल्यांदा दिसली." तो हसला, नाक ओढलं. "तुझ्याजवळचा तो फोटो मला लहानपणी पाहवतच न्हवता. खरं सांगतो. ती कुणाला तरी भिऊन राह्यली असं वाटायचं. अन् ऐक, फ्रेम मागून लाईटवाली सांगितली. मोठी, दरवाजाएवढी. उद्या नव्या घरात पूजा झाली की बैठकीत चढवायची. दिवसरात चालू राह्यनार, लाईट गेली तर इन्व्हर्टरवर. आई आता कधी अंधारात न्हाई, आक्का!"

"बरं," ती म्हणाली.

"जुना फोटो घेऊन ये. बामनं म्हणले, नवीन चढवला की जुना पाण्यात सोडायचा. दोन ठेवू नाही म्हणत्यात."

फोन ठेवल्यावर ती बैठकीत आली. तिचे यजमान, वसंतराव, पंख्याखाली सतरंजीवर आडवे पडले होते. आईचा फोटो दारासमोरच्या भिंतीवर होता, वर लाल रंगाचा बारीक बल्ब. तो बल्ब तिनं या घरात आल्यावर पहिल्या वर्षी लावून घेतला होता. उडाला तर त्याच दिवशी बदलायचा, हाही नेमच. त्या उजेडात आई तिच्याकडं बघत होती, आजवर बघत आली तशी: डोळे जरा जास्तच उघडे, भुवया ताणलेल्या, ओठ मात्र अगदी सैल, जणू डोळ्यांना जे कळलं ते ओठांना अजून कळलेलं नाही. भारत म्हणाला ते खरं होतं. ती कुणाला तरी भीत होती. हे दैवशाला कधी कुणाशी बोलली नव्हती. आत्या तर त्या डोळ्यांचा दाखला देऊनच दोघांना वाढवत आली. ताटात टाकलं, की "आई बघून राह्यली." भारतला चिमटा काढला, की "आई बघून राह्यली तुझ्याकडं." परकर सावरून बस, आई बघून राह्यली. तिला मनातून विचारावंसं वाटायचं, की आत्या, ती माझ्याकडं बघत असली तर मग भिते कशाला? माझ्यात भिण्यासारखं काय आहे? पुढं पुढं तिनं देवाकडं स्वतःसाठी काही मागायचंच सोडलं. दिवा लावून हात जोडले, की मनात एवढंच यायचं: हिची भीती जाऊ दे. आणि आता ती गेली होती. कुणी तरी बोटानं पुसावी तशी पुसून टाकली होती. मग हायसं का वाटत नव्हतं? आपल्या घरातून काहीतरी चोरीला गेलं आणि आपल्याला काय गेलं ते आठवत नाही, असं का वाटत होतं?

ती फोटोच्या जवळ गेली. डोळे मिटून आईचा चेहरा मनात आणून पाहू, असं तिनं ठरवलं. रोज दिवा लावताना ती तेच करायची. डोळे मिटले. आली ती डाळिंबी लुगड्यातली, हसणारी. तिनं घाईनं डोळे उघडले. पुन्हा फोटोकडं पाहिलं, एकेक रेघ पाठ केली, पुन्हा मिटले. पुन्हा तीच, मान वळवली, पापण्या मिटल्या. तिच्या पाठीतून गार पाण्याची धार गेल्यासारखं झालं. बाजारात एकदा लेकराचा हात सुटला होता, तेव्हा असंच झालं होतं. इतकी वर्षं जपलेला चेहरा बाईला एका दुपारी विसरता येतो का? आणि आता फोटोकडं पाहताना तिला तो नव्यासारखा वाटायला लागला. उजव्या खांद्याच्या वर तो पांढुरका डाग, दोन-तीन बोटांएवढा, तिनं काचेवरचा समजून किती वेळा पुसला होता, तो मात्र ओळखीचा. नव्या फोटोत तो नव्हता. तिला डाग आठवत होता, आई आठवत नव्हती.

"फोटोपुढं काय उभी राह्यलीस?" वसंतराव डोळे न उघडता म्हणाले.

"अहो, तुम्हाला माझी आई आठवती का?"

"मी कधी पाह्यलं तुझ्या आईला? आपल्या लग्नाच्या किती आधी गेल्त्या त्या." मग जरा थांबून, "तू तरी कुठं पाह्यलं म्हणा नीट. एवढीशी होतीस."

किती आठवत होतं? तिनं पायात चपला सरकवताना मोजून घेतलं, जसं कुणी घराबाहेर पडताना किल्ल्या चाचपतं. एक अंधारी खोली होती. दार ओढून घेतलेलं, फटीतून उन्हाची एक उभी रेघ, आणि तिच्यात धूळ. आई खाटेवर होती, ताप होता, डोकं धरून होती. तान्ह्या भारतला आत्यानं दुसरीकडं नेलं होतं. कंदील कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून ठेवला होता, कारण आईला उजेड सोसत नव्हता. "टोचून राह्यला गं," आई म्हणायची, "सुया टोचून राह्यल्यात डोळ्यात." हे आठवत होतं. कांद्याच्या सालीच्या रंगाचं लुगडं आठवत होतं. त्या लुगड्याचा पुढं आत्यानं गोधडीत वापर केला, ती गोधडी दैवशालाच्या पेटीत अजून आहे. आईचा हात गरम होता, हे आठवत होतं. आई काहीतरी सांगत होती, तिच्याकडून काहीतरी वदवून घेत होती, हेही. पण त्यापुढं एकदम अंगण लागायचं, पांढरंशुभ्र ऊन, आणि तो आवाज. मधली जागा कुणी पाटीवरून पुसल्यासारखी. आणि त्या अंधाऱ्या खोलीत, खाटेवर, जिथं चेहरा असायला हवा, तिथं नेहमी हा भिंतीवरचा चेहरा असायचा. आता तिथं हसणारी बाई येऊन निजली होती.

गल्लीत ऊन तापून पांढरं झालं होतं. कापडाच्या दुकानांनी बाहेर ताणलेल्या ताडपत्र्यांखालून ती चालत राहिली; सावली, ऊन, सावली, ऊन, आणि प्रत्येक वेळी उन्हात येताना तिचे डोळे आपोआप मोठे व्हायचे. लोक उन्हात डोळे बारीक करतात. तिचे मोठे होतात, तिची मुलगी नेहमी हसायची यावर. एका ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला, "मावशी, जरा बाजूला की, झोपेत चालली का?" झोप! तिला हसू आलं असतं एरवी.

सिराजोद्दीन चाचांचा स्टुडिओ आता त्यांची मुलगी महजबीन चालवत होती. खाली दुकान, वर घर. फोटो चांगला करायला दैवशालानंच तिच्याकडं आणून दिला होता, भारतनं सांगितलं म्हणून. महजबीननं त्याच दिवशी मशीनवर त्याची प्रत उतरवून मूळ फोटो परत दिला होता. आत कूलर घरघरत होता. महजबीननं मान वर करून पाहिलं आणि खुर्ची पुढं ओढली.

"आओ ताई, पानी लेव. धूप बहोत हाय. पसंत आला ना फोटू? भाई तर फोनवर रडून राह्यले होते."

"चांगला झालाय," दैवशाला म्हणाली. तिला कुणाचं मन मोडता येत नसे. पाण्याचा पेला तिनं दोन्ही हातांनी धरला. "मला फक्त पुन्हा एकदा पाहायचं होतं. काय काय केलं तुम्ही ते."

"जादा कुछ न्हाई. बघा तुम्ही." महजबीननं पडदा तिच्याकडं वळवला. एका बाजूला जुना फोटो, एका बाजूला नवा, एकावर एक ठेवलेले, आणि मधे एक उभी रेघ. महजबीन ती रेघ सरकवायची, तसं एक पुसलं जायचं आणि दुसरं उघडं पडायचं. रेघ नाकावर येऊन थांबली. अर्धी आई हसत होती, अर्धी भीत होती. "अम्मी बहोत डरलेल्या दिसत होत्या ना, ताई. भाई बोलले, थोडं हसरं करा. मंग डोळे सैल केले, इथं चमक दिली. हा दाग होता खांद्यावर, निकाल दिया. लुगड्याला रंग दिला. हिलनेवाला तर मशीनच करतंय, आपण फक्त बोलायचं."

"डोळे मिटते ती," दैवशाला म्हणाली.

"हां, पलक झपकाती हाय. जिंदा वाटतंय ना?"

दैवशालानं पेला हातात फिरवला. कूलरचं पाणी कुठंतरी टपकत होतं. महजबीननं तिच्याकडं पाहिलं, आणि काहीतरी बोलून तिला बरं वाटावं म्हणून जुन्या फोटोतले डोळे मोठे केले, आणखी मोठे, पडदाभर. "पर एक बात बोलू का? जुन्या डोळ्यांचं काम मला काढवत न्हवतं. बघा, किती बारीक. बालाइतक्या ब्रशचं काम हाय. ही पापणी बघा, ही बाहुली. अब्बूंचा हात मी कुठंबी पहचानते."

"ब्रश म्हणजे?"

"म्हणजे..." महजबीन थांबली. तिला आपण कुठं पाऊल टाकलं ते कळलं असावं. "पह्यले असंच करायचे ना, ताई. फोटूत आंख बंद आली, की वरून काढायचे."

पडद्यावर ते दोन डोळे होते, प्रत्येकी ताटाएवढे. इतके मोठे झाल्यावर ते डोळे राहिले नव्हते. काळ्या-करड्या रेघा होत्या, एकीशेजारी एक, शांतपणे ओढलेल्या. आणि तरी ते भीत होते. कागदावरच्या रेघांना भीती कशी वाटेल? दैवशालानं पेला टेबलावर ठेवला, तो थोडा सांडला. "चाचा वर आहेत का?" तिनं विचारलं, आणि उत्तराआधीच ती जिन्याशी होती.

चाचा खिडकीपाशी खाटेवर बसून तसबीहचे मणी फिरवत होते. दाढी पूर्ण पांढरी, गळ्याभोवती ओला पंचा. तिनं आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं. ते नुसतेच मान हलवत राहिले. मग ती म्हणाली, "केदारखेड्याच्या कडूबांची मुलगी मी."

मणी फिरवणारा अंगठा थांबला. त्यांनी बराच वेळ तिच्याकडं, तिच्या डोळ्यांकडं पाहिलं.

"वही आंखें," ते स्वतःशीच म्हणाले. "बस, बेटा. बस."

ती जमिनीवर बसली. काय विचारायचं ते तिला येत होतं आणि येत नव्हतं. "तुम्ही आला होता का आमच्याकडं? आईचा फोटो काढायला?"

"आल्तो. नवा नवा होतो धंद्यात, तवा भोकरदनला होतो. पह्यल्या यष्टीनं आल्तो, तुमचा माणूस बलवायला आल्ता भोकरदनपर्यंत." ते थांबले. "तुला कुणी सांगितलं न्हाई?"

"न्हाई."

"कडूबानं हात धरला होता माझा. म्हणला, पोरं लहान हायेत, त्यांना आई उघड्या डोळ्यांची पाह्यजे. मी कुणाला बोललो न्हाई. पर आता तू इचारून राह्यली..." पंच्यानं त्यांनी तोंड पुसलं. "तुझी आई पहाटंच गेल्ती, बेटा. घरात तिचा एकबी फोटू न्हवता. तवा असंच करायचे लोक. अंघोळ घालायच्या आधी अंगणात खुर्ची टाकली, उजेडात. घरात अंधार, फोटू येत न्हवता. तुझ्या आईला बसवलं. मान राहत न्हवती. कडूबा मागं उकिडवा बसला अन् खांद्याला धरून ठेवलं."

"खांद्याला," ती म्हणाली. "उजव्या."

"हां. बोटं आली फोटूत. मी मिटवायला गेलो, मंग राहू दिली. कोन जाने का."

इतकी वर्षं ती पदरानं बापाची बोटं पुसत आली होती.

"अन् डोळे?" हे तिनं विचारलं की नुसतं मनात म्हटलं, ते तिला कळलं नाही.

"आंखें कैसी थी, मला काय मालूम? मी तर बंदच पाह्यली. बाया म्हणल्या, पोरीचे डोळे हुबेहूब आईचे हायेत. मंग तुला समोर उभी केली. उन्हात, खुर्चीच्या बराबर समोर. तुझा अलग फोटू घेतला, अन् त्याच्यावरून काढले. मोठी माणसं पापणी हलवून देतात. तू न्हाई हलवली. एवढीशी होती, पाणी वाहून राह्यलं होतं डोळ्यांतून, पर बिलकुल न्हाई हलवली. मी म्हणलं, मी सांगंपर्यंत मिटायचे न्हाईत बरं का. शाब्बास!"

तोच झोका. आवाज म्हातारा झाला होता, चिरला होता, पण 'शाब्बास'चा तो झोका तसाच होता. दैवशालानं जमिनीला हात टेकले. पायाखालची फरशी गार होती, ती खरी होती, तिला धरून राहायला हवं होतं. हाच तर तो. देवळातल्या सेवेकऱ्यांपुढं सांगितलेला, ज्याच्यासाठी ती थंडीच्या पहाटे गार पाणी अंगावर घेत आली, ज्याला मनातल्या मनात नमस्कार करत आली. तिला राग आला नाही. रिकामं वाटलं, आणि रिकाम्या जागेत एक एक करून सगळं उलगडायला लागलं. फोटोतली आई कुणाला भीत होती, ते तिला आता कळलं. ती भीत नव्हतीच. समोर उन्हात उभी असलेली पोर भीत होती, मेलेल्या आईच्या पुढ्यात, पापणी न लववता. आणि ते भ्यालेले डोळे उचलून आईच्या तोंडावर ठेवले होते. रोज सकाळी दिवा लावून जिची भीती जावो म्हणून ती हात जोडायची, ती दैवशालाच होती.

"मिट, असं कुणी म्हणलं न्हाई, चाचा," ती म्हणाली. तिचा आवाज लहान पोरीसारखा आला. "मंग कुणी सांगितलंच न्हाई मला."

चाचांनी तसबीह मांडीवर ठेवली. काहीतरी स्वतःशी पुटपुटले. खाली महजबीन कुणा गिऱ्हाइकाला पासपोर्टच्या फोटोसाठी खांदे सरळ करायला सांगत होती.

"मी काळं कापड डोक्यावर घेतलं, तवर तिकडं रडारड सुरू झाली," ते म्हणाले. "मंग यष्टी पकडायची होती. राहून गेलं. माफ कर, बेटा. मिट आता. हो गया. मिट."

तिनं डोळे मिटले. मिटता क्षणी ती घाबरली, कारण हसणारी बाई येणार हे तिला माहीत होतं. पण तिथं कुणी नव्हतं. अंधारी खोली होती. फटीतून उन्हाची रेघ, धूळ, भिंतीकडं तोंड केलेला कंदील. खाटेवर कांद्याच्या सालीच्या रंगाचं लुगडं, आणि वर चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार, ऊबदार, श्वास घेणारा. त्यातून हात आला. गरम हात. आणि पाटीवरून पुसलेलं ते वाक्य, इतकी वर्षं जे त्या 'शाब्बास'च्या खाली दबून राहिलं होतं, ते वर आलं.

"दैवू, मी डोळे मिटले की पदर ओढ माझ्या तोंडावर. उजेड येऊ देऊ नको. ओढशील ना?"

"ओढते."

"इसरू नको."

"न्हाई इसरत."

तिनं डोळे उघडले तेव्हा खिडकीतलं ऊन तिच्या मांडीवर आलं होतं, आणि ती त्या उन्हाकडं बघत बसली, जसं अंगावर चढलेल्या इंगळीकडं बघावं, हलू नये, तसं. तिनं पदर ओढला नव्हता. आईनं डोळे मिटले, आणि लोकांनी आईला उचलून उन्हात नेलं, आणि दैवशाला समोर उभी राहिली, आणि बोटाकडं बघत राहिली. एवढंच असतं तरी ती पोर होती म्हणता आलं असतं. पण त्यानंतर? त्या डोळ्यांपुढं रोज पहाटे कुणी दिवा धरला? त्यांच्या वर बल्ब कुणी लावून घेतला, उडाला की त्याच दिवशी कुणी बदलला? आत्याच्या घरात तो फोटो न्हाणीच्या अंधाऱ्या भिंतीला होता. तिथून सोडवून, आई आता उजेडात राहील असं म्हणून, दारासमोर कुणी आणला? सुया टोचून राह्यल्यात गं. आणि उद्या भारत तिच्या पाठीमागूनही उजेड लावणार. दरवाजाएवढा. दिवसरात. लाईट गेली तरी. आई आता कधी अंधारात न्हाई, आक्का.

"त्या निगेटिव्ह आहेत का, चाचा? मिटल्या डोळ्यांच्या?"

"कुठं राह्यल्या? घर बदललं, वाळवी लागली. काहीबी न्हाई." मग ते म्हणाले, "पर मी पाह्यलं होतं. मिटलेल्या डोळ्यांत डर न्हवती, बेटा. थकून निजलेल्या बाईसारखी होती. एवढं मी सांगू शकतो."

परत येताना तिनं डोक्यावरून पदर पुढं ओढून घेतला, कपाळाच्या खाली, भुवयांपर्यंत. ताडपत्र्यांखाली सावली होती की ऊन, तिनं पाहिलं नाही. रस्त्यात सारखं वाटत होतं की कुणीतरी मागून येतंय, हलक्या पावलांनी, डोळे चोळत. भारतला काय सांगायचं? त्याला आई आज पहिल्यांदा दिसली होती. त्याला म्हणायचं का, ते हसणं मशीनचं, ते डोळे माझे, त्यात तुझी आई कुठंच नाही? आपल्याला हे बोलता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. उभ्या जन्मात ती कुणाच्या आनंदाच्या आड आली नव्हती. चारचौघांत, पूजा झालेली, भटजी बसलेले, नव्या फरशीवर पाव्हणे. ते बटण दाबायला निघालेले असतील. तिथं एक बाई उठून काय करणार? बोलायचं तर नाहीच. पण पदर ओढायला बोलावं कुठं लागतं?

घरात वसंतराव कुशीवर वळून झोपले होते. ती खुर्चीवर चढली आणि तिनं फोटोवरच्या बल्बाचं बटण बंद केलं. लाल उजेड गेला. भिंतीवरचे डोळे क्षणभर तसेच राहिले, आणि मग बैठकीच्या सावलीत हळूहळू मागं मागं गेले. देवाचा दिवा आपल्या हातानं विझवल्यासारखं वाटत होतं, आणि कुठून तरी शिक्षा येईल म्हणून ती थोडा वेळ तशीच खुर्चीवर उभी राहिली. पंखा फिरत होता. काही झालं नाही.

मग तिनं आतल्या खोलीत जाऊन पेटी उघडली. गोधडी तळाशी होती, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात. आत्याचे टाके बारीक आणि दाट होते, एकावर एक लुगडी, धोतरं, बाळंत्यांचे तुकडे. कांद्याच्या सालीच्या रंगाचा पट्टा मधोमध होता, सगळ्यात रुंद. ती दाराशी उजेडाकडं पाठ करून बसली आणि कात्रीच्या टोकानं एकेक टाका उसवायला लागली. कापड फाटू दिलं नाही. वरचा थर मोकळा होत गेला तशी त्याखाली दबून राहिलेली लुगड्याची बाजू दिसली. तिथला रंग अजून होता. पुरेसं होतं. दरवाजाएवढ्या फ्रेमवर सगळीकडून पुरलं नसतं, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत नक्की.

तिनं ते घडी करून पिशवीत घातलं. मग भिंतीवरचा फोटो उतरवला आणि तोही, काच आतल्या बाजूला करून, त्याच घडीत गुंडाळला. घोटभर पाणी प्यायली. दिवेलागण व्हायची होती, संध्याकाळचा दिवा लावायचा राहणार होता, आज पहिल्यांदाच.

चपलांच्या आवाजानं वसंतरावांची झोप चाळवली. "कुठं निघाली ह्या उन्हात? उद्या सकाळी जायचंच हाये की सगळ्यांना."

"केदारखेड्याला. शेवटची गाडी भेटंल."

"अन् इथला बल्ब कसा बंद हाये?" त्यांनी भिंतीकडं पाहिलं. "फोटू कुठाय?"

"निजलीय ती," दैवशाला हळू म्हणाली. "आवाज करू नका."

तिनं पिशवी छातीशी धरली, दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि बसस्टँडच्या दिशेनं भिंतीच्या सावलीसावलीनं चालायला लागली.